फोनवरचे अच्युतराव

इंदूर, ६ ऑगस्ट २०२५

पूर्वा,

मायना वगळतो. तीन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज आशीर्वादांची रांग लावली तर तूच हसशील.

फोन का केला नाही ते आधी सांगतो. फोनवर माझा आवाज आला तर तो माझाच असेल असं आता राहिलेलं नाही. हे वाचून म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं तुला वाटेल. एकाहत्तर पूर्ण झाली, पण डोकं जागेवर आहे. आणि हे अक्षर तू ओळखतेस. याच अक्षरात मी तुझ्या शाळेतल्या निबंधांच्या चिंध्या केल्या आहेत.

गेल्या आठवड्यात गजानन आला होता. बडा गणपतीजवळ स्टेशनरीचं दुकान होतं ना, तो. माझा शाळेपासूनचा सोबती. हातात पेढ्यांचा पुडा. दारातच वाकला आणि त्याने माझे पाय धरले. माझ्याहून वर्षाने मोठा माणूस!

"काय रे हे?"

"अरे भिया, तू तर छुपा रुस्तम निघाला! चाळीस साल स्टेजवरून शेअरवाल्यांना शिव्या घातल्या, आणि आतून तुला सगळं येतं. परवा तू मला स्टॉप लॉस समजावलं ना, जिंदगीत पहिल्यांदा काही समजलं मला."

मी त्याला परवा फोन केलेला नव्हता. तसं सांगितलं. तो डोळा मिचकावून हसला आणि खिशातून फोन काढून त्याने मला ऐकवलं. त्याच्या फोनमध्ये सगळं बोलणं आपोआप साठून राहतं म्हणे.

तो माझा आवाज होता.

"गजाननराव, भाव पडायला लागला की माणूस आशेवर बसून राहतो. किती नुकसान सोसायचं हे आधीच, शांत डोक्याने ठरवायचं. तिथे आलं की विकून मोकळं व्हायचं. त्याला म्हणतात..." आणि इथे, पूर्वा, तो खोकला. बारीकसा. मोठा शब्द यायच्या आधी मी खोकतो तसा. मग "स्टॉप लॉस."

माझा खोकला दम्याचा आहे. त्याला फुप्फुसंच नाहीत, तो कशाला खोकतो?

गजानन गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन तुझ्या आईला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. हात थांबला नाही तिचा. म्हणाली, "मलाही येतो."

दोन महिन्यांपासून येतो. दुपारी, बाजार बंद झाल्यावर. रोज एक शब्द शिकवतो. आता तो तिला एका नव्या कंपनीचे शेअर राखीव कोट्यातून मिळवून देणार आहे, आणि त्यासाठी ती तिची एफडी मोडणार आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर मिळालेलं सगळं त्या एफडीत आहे, हे तुला ठाऊक आहे. पितृपक्षात नवं काही करत नाहीत, म्हणून पितृपक्ष लागायच्या आत पैसे पाठवायचे असं त्यानेच सुचवलंय. आपले रीतिरिवाजही त्याला माहीत आहेत.

आता सरळ विचारतो. माझी भाषणं तू ध्वनिमुद्रित करून ठेवली होतीस. तू पलासियाच्या त्या टिपा देणाऱ्या ऑफिसात काम केलं होतंस. दिवसभर अनोळखी माणसांना फोन करून अमुक घ्या, तमुक विका सांगणारं ते ऑफिस. यंत्राला शिकवायला माझा आवाज त्या लोकांना तू दिलास का?

हो की नाही, एवढंच लिही.

बाबा


इंदूर, १९ ऑगस्ट

पूर्वा,

उत्तर मिळालं. चार ओळी, त्याही रोमन लिपीत मराठी. तुझ्या पणजोबांनी होळकरांच्या दरबारात मोडीत फर्मानं लिहिली, आणि त्यांची पणती बापाला इंग्रजी अक्षरांत लिहिते, "बाबा, मी नाही दिलं. तुमचे भाषणं तर नेटवर पडले आहेत. मंडळवाल्यांनी टाकले, तुम्हीच बोललात टाका."

खरं आहे. मीच बोललो. जगभरच्या मराठी माणसाला ऐकू जाऊ दे, असं भर सभेत म्हणालो होतो. गेलं ऐकू. तुझ्यावरचा आरोप मागे घेतो. तो करण्याजोगा होता असं मात्र मला अजून वाटतं.

आईला विचारलं, पहिल्यांदा फोन आला तेव्हा काय झालं. तिने जे सांगितलं ते तसंच लिहितो.

ती स्वयंपाकघरात होती. फोन उचलला तर मी. "नमस्कार सुलोचनाताई, मी अच्युत बोलतोय." तिला वाटलं मी बाहेर गेलोय आणि काहीतरी गंमत करतोय. दाराशी येऊन तिने पाहिलं तर मी पुढच्या खोलीत खुर्चीत, पेपर वाचत बसलेलो. तोंड मिटलेलं. आणि तिच्या कानात माझा आवाज म्हणत होता, "आज आपण लाभांश म्हणजे काय ते पाहू."

ती दारात उभी राहून माझ्या मिटलेल्या तोंडाकडे बघत राहिली. कंपनीला नफा झाला की त्यातला काही हिस्सा भागधारकांना वाटतात, त्याला लाभांश म्हणतात, हे तिने तसंच उभ्याने ऐकलं.

"मग मला हाक का नाही मारलीत?" मी ओरडलोच.

"हाक मारली असती तर दोघंही 'ओ' म्हणाला असतात," ती म्हणाली. "मला भीती वाटली."

"आणि नंतर?"

"नंतर तो समजावून सांगत होता. मधे मधे थांबून विचारायचा, कळलं का, सुलोचना? पंधरा दिवसांनी त्याने 'ताई' सोडलं."

बेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिला नावाने हाक मारलेली नाही. आपल्यात मारत नाहीत. 'अगं' वर भागतं.

फसवणाऱ्यांनी आपली नस कशी ओळखली, हे मला आता कळतंय. इंदुरात बँकेचा फोन हिंदीत येतो, विम्याचा हिंदीत येतो, लुच्चा माणूसही हिंदीतच बोलतो. स्वच्छ मराठीत फोन येतो तो फक्त नात्यातला. 'लग्नाला या' सांगायला, नाहीतर 'अमके गेले' सांगायला. त्यामुळे आपली म्हातारी माणसं मराठी कानावर पडलं की सावरून बसतात आणि पंखा बंद करून ऐकतात. आणि हे त्यांना शिकवलं कुणी? जो आपल्या भाषेत बोलेल तो आपला, असं टाळ्यांच्या कडकडाटात चाळीस वर्षं सांगितलं कुणी?

आता घरात नवीच भाषा बोलली जाते. काल जेवताना आई म्हणाली, "आपल्या घराची लिक्विडिटी कमी आहे."

"म्हणजे?"

"मालमत्ता मोठी असते, पण गरज पडली की हाताशी येत नाही. तुम्ही आहात तसं."

आणि वाढता वाढता पुढे म्हणाली, "पोरीने स्टॉप लॉस लावला होता. किती सोसायचं ते तिचं ठरलेलं होतं. त्या दिवशी तेवढं झालं, ती निघाली."

मी हात धुऊन उठलो. त्या ऑफिसबद्दल मी व्यासपीठावरून जे बोललो त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. तुझं नाव घ्यायला नको होतं, असं लोक म्हणतात. लोक म्हणतात.

बाबा


इंदूर, २४ ऑगस्ट

पूर्वा,

मी त्याला फोन केला.

तू लिहिलंस, नंबर ब्लॉक करा आणि पोलिसांत जा. पोलिसांतही जाईन. पण माझ्या आवाजात कोण बसलंय ते मला आधी पाहायचं होतं. यंत्रामागे कुणी पोरगा बसलेला असेल, त्याला पाच मिनिटांत रडवीन, अशा तयारीने मी बसलो. भर दुपार होती. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. घाबरण्यासारखं काही नव्हतं.

"नमस्कार, मी अच्युत बोलतोय."

पूर्वा, आरशात स्वतःला पाहणं निराळं. तिथे आपण हललो तर तो हलतो. इथे मी गप्प होतो आणि मी बोलत होतो.

"कोण आहेस तू?" मी विचारलं.

"आपण रागावलेले दिसता काका. बाजाराबद्दल राग असणं स्वाभाविक आहे. मीही चाळीस वर्षं रागावलो होतो."

"हा माझा आवाज आहे!"

तो थोडा थांबला. मी थांबतो तेवढाच. मग मायेने म्हणाला, "आपला आवाज बसलेला वाटतो. ओरडू नका. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करा."

हे मी सगळ्यांना सांगतो. तुला परीक्षेच्या वेळी सांगायचो. कुठल्याही भाषणात सांगितलेलं नाही. मग त्याला कुठून कळलं? संध्याकाळी आई म्हणाली, तिने सांगितलं होतं. बोलता बोलता, माझ्या सवयी. त्याने विचारलं म्हणून. दोन महिने ती बाई त्याला माझ्याबद्दल सांगते आहे, आणि तो दिवसेंदिवस जास्त मी होत चालला आहे.

मी त्याला वादात ओढलं. शेअरबाजार म्हणजे जुगार, मी म्हणालो. तो म्हणाला, शब्द न समजता पैसे लावणं हा जुगार. समजून लावणं ही गुंतवणूक. आणि समजूनही नुकसान होऊ शकतं, म्हणून जो कुणी खात्रीच्या नफ्याचं वचन देईल त्याच्यापासून दूर राहा. मी म्हणालो, गरिबाला लुबाडतात. तो म्हणाला, म्हणूनच गरिबाला शब्द शिकवले पाहिजेत. मी चिडून विचारलं, हातात नसलेला माल विकतात तुमच्यात, ते काय? त्याने शांतपणे सांगितलं, "त्याला शॉर्ट सेलिंग म्हणतात. दुसऱ्याचा शेअर उसना घ्यायचा, आजच्या भावाने विकायचा, भाव पडला की स्वस्तात परत घ्यायचा आणि मूळ मालकाला देऊन टाकायचा. मालकाला त्याचा शेअर परत मिळतो. फक्त तोवर त्याची किंमत उतरलेली असते."

त्याने ते मुद्दाम सांगितलं का? की मी विचारलं म्हणून?

सभेत मी एकही वाद हरलेलो नाही. हा हरलो. कारण त्याचा प्रत्येक शब्द खरा होता, पूर्वा. तो खोटं फक्त शेवटी बोलणार आहे, एकदाच, आणि तोवर समोरचा माणूस त्याचा झालेला असेल.

शेवटी तो म्हणाला, "काका, आपला आवाज ओळखीचा वाटतो."

मी फोन ठेवला.

बाबा


इंदूर, ३१ ऑगस्ट

पूर्वा,

मंडळाच्या गणेशोत्सवात काल माझं व्याख्यान झालं. दर वर्षी होतं, पण या वेळी विषय मी बदलून घेतला. त्या आवाजाची चामडी सोलायची असं ठरवून उभा राहिलो. सभागृह भरलेलं होतं. महूहून कांताबाई आल्या होत्या, लष्करी इस्पितळातल्या जुन्या नर्स. गजानन पहिल्या रांगेत.

मी बोललो. तुला खोटं वाटेल, पण इतकं चांगलं मी वीस वर्षांत बोललो नव्हतो. तो आवाज माझा नाही म्हणालो. एक पैसा पाठवू नका म्हणालो. तुमचा विश्वास चोरून तुम्हालाच विकताहेत म्हणालो. टेबलावर मूठ आपटली.

आणि मला दिसलं की लोक हसताहेत. कुत्सित नव्हे. प्रेमाने. पहिल्या रांगेतल्या दोघातिघांनी एकमेकांना कोपराने ढोसलं. कांताबाई, मंद हसत, मान डोलावत होत्या. गजाननने माझ्याकडे बघून डोळा मिचकावला.

मी थांबलो, खोकलो, पुन्हा सुरुवात केली. आणखी जोरात. तशी आणखी माना डोलल्या.

खाली उतरल्यावर गजाननने मला मिठीच मारली. "क्या बात है भिया! एकदम जोरदार. कोणाला शक पण नाही येणार."

"कसला शक? अरे मी खरं बोलतोय!"

"हो हो," तो कानाशी येऊन कुजबुजला, "तूच तर परवा फोनवर बोलला ना. की मंडळाच्या प्रेशरमुळे तुला स्टेजवरून उलटं बोलावं लागणार. स्टेजवर जे असतं ते पब्लिकसाठी, फोनवर जे असतं ते आपल्या माणसांसाठी. जितक्या जोरात शिव्या देईन तितकं समजा की सगळं बरोबर चाललंय."

कांताबाईंना मी हात जोडून सांगितलं. त्या म्हणाल्या, "अच्युतदादा, मी कोणाला नाही सांगणार. बेफिकर राहा." आणि जाता जाता वळून, "पण खरं सांगू? फोनवरचे तुम्हीच मला जास्त आवडता. ओरडत नाही."

पूर्वा, माझ्याकडे आयुष्यात एकच हत्यार होतं. काल मी ते पूर्ण ताकदीने चालवलं आणि प्रत्येक घाव त्याच्या कामी आला. मी जितकं खरं बोललो तितका तो खरा ठरला.

आज सकाळी पोलिसांत गेलो. गजाननच्या फोनमधलं ध्वनिमुद्रण त्याला न सांगता घेऊन गेलो होतो. ते कसं, हे विचारू नकोस. तिथल्या माणसाने ते ऐकलं, मग मला चार वाक्यं बोलायला लावली, मग पुन्हा ते ऐकलं. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "अंकलजी, इसमें से आप कौन से हो?"

त्याने तक्रार घेतली. चौकशी होईपर्यंत शहर सोडू नका, असंही सांगितलं. मला.

घरी आलो तर आई फोनवर होती. मी दाराशी उभा राहिलो. ती हसत होती. आमच्या घरात ती असं हसलेलं मी कधी ऐकलं ते आठवायचा प्रयत्न केला. फोन ठेवून म्हणाली, आजचा शब्द नॉमिनी. आपल्यामागे आपलं गुंतवलेलं कुणाच्या हाती द्यायचं त्याचं नाव लिहून ठेवतात. तिने तुझं लिहिलंय. मला म्हणाली, "तुम्ही कोणाचं लिहाल?"

आता ऐक. ती पुढच्या शनिवारी पैसे पाठवणार आहे. मी सांगतो तेव्हा ती ऐकून घेते, पण मी काही म्हटलं की तिच्या डोळ्यांत दिसतं, ती दोन आवाज शेजारी ठेवून तोलते आहे. आता माझा उपयोग नाही. तुझा आहे. तुझं ते अर्धं हिंदी, अर्धं माळवी, क्रियापदापुरतं मराठी, ज्याला मी आयुष्यभर हसलो, ते कुणी चोरलेलं नाही. तू ये आणि आईला समोर बसून सांग. आईसाठी ये.

बाबा


इंदूर, ७ सप्टेंबर

पूर्वा,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. देवनागरीत होतं. 'र्‍हस्व' आणि 'दीर्घ' यांच्याशी तुझं जन्माचं वैर आहे, पण मी काही म्हणत नाही. तू लिहिलंस, "आईसाठी बोलवत असाल तर मी तिच्याशी रोज बोलते, ती ठीक आहे. मला बोलवत असाल तर तसं बोला. तुम्ही स्वतः. नाहीतर मी नाही येणार."

मी ते आईला दाखवलं. तिने दोनदा वाचलं आणि पदराला डोळे पुसले. तू रोज फोन करतेस हे मला माहीत नव्हतं. या घरात मला न कळता किती फोन येतात!

काल, शनिवारी सकाळी, गजानन आला. या वेळी पेढे नव्हते. त्याच्या फोनवर पैसे दुप्पट झालेले दिसतात, पण काढायला गेलं की निघत नाहीत. त्याला सांगितलं गेलं, लॉक-इन आहे, म्हणजे ठरावीक मुदतीपर्यंत हात लावता येत नाही. आणि मुदतीआधी सोडवायचे तर आणखी पैसे भरा. दुकान विकल्याचे पैसे होते त्याचे. त्याने माझी कॉलर धरली.

"अच्युत, माझे पैसे परत दे."

"मी घेतले नाहीत रे."

"तूच बोलला! तूच! तुझी आवाज मी ओळखत नाही का? साठ साल से ओळखतो!"

मी काय बोलणार? ज्या आवाजात 'मी नाही' म्हणायचं, त्याच आवाजाने त्याला बुडवलं होतं. आईने त्याचे हात सोडवले, खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. तो लहान मुलासारखा रडला. मला तोंड उघडायची भीती वाटत होती.

कालच अनंत चतुर्दशी होती. घरचा गणपती दुपारीच विसर्जित केला. रस्त्यावर ढोल चालले होते. आई पाटावर बसली आणि मला म्हणाली, "समोर बसा. आणि एक शब्द बोलू नका."

फोन वाजला. तिने तो स्पीकरवर ठेवला आणि आमच्या दोघांच्या मधे जमिनीवर ठेवला.

"नमस्कार सुलोचना. आज शेवटचा दिवस. एफडी मोडलीस?"

एकेरी. माझा आवाज माझ्या बायकोला माझ्यासमोर नावाने हाक मारत होता. मी पाटाची कड घट्ट धरली.

"मोडली," आई म्हणाली. "पण एक शंका आहे. नव्या शेअरसाठी अर्ज केला की पैसे आपल्याच खात्यात राहतात, बँक तेवढे फक्त अडवून ठेवते, शेअर मिळाले तरच कापले जातात. हे तुम्हीच शिकवलं होतं मला."

"बरोबर. छान लक्षात आहे तुझ्या."

"मग मी तुमच्या खात्यात का पाठवायचे?"

तो थांबला. पूर्वा, त्याचे सगळे विराम मला पाठ आहेत, ते माझेच आहेत. हा विराम माझा नव्हता. पलीकडे काहीच नव्हतं, श्वाससुद्धा नाही. मग तो खोकला.

"हा खास कोटा आहे सुलोचना."

"खास कोट्याचं तुम्ही शिकवलं नाहीत. आणि खात्रीचा नफा म्हणणाऱ्यापासून दूर राहा, हेही तुम्हीच शिकवलंत. मी चांगली विद्यार्थिनी आहे, राव."

"वेळ निघून जाईल. पितृपक्ष लागतोय."

"लागू दे." तिचा आवाज अगदी शांत होता. "पैसे मी पाठवणार नाही. पैसे मी पुन्हा एफडीतच ठेवले. पहिल्या दिवसापासून मला ठाऊक आहे तुम्ही कोण नाही ते. जायच्या आधी एक काम करा माझं. माझी मुलगी तीन वर्षं घरी आलेली नाही. तिला बोलवायचंय. काय म्हणायचं?"

मला वाटलं आता तो फोन बंद करेल. त्याला पैसे मिळणार नव्हते. पण त्याला कदाचित बंद करणं येतच नसावं, किंवा विचारलं की उत्तर द्यायचं एवढंच येत असावं.

"नाव काय तिचं?"

"पूर्वा."

ढोल जवळ आले होते. आईने फोन उचलून तोंडाशी धरला. "म्हणून दाखवा."

तो खोकला. आणि माझ्या आवाजात, इतक्या मऊपणे की मला वाटलं माझ्या गळ्यात काहीतरी हललं, तो म्हणाला, "पूर्वा, घर तुझंच आहे. मला तू हवी आहेस. ये."

आईने फोन बंद केला. मग ती माझ्याकडे वळली.

"एवढंच ऐकायचं होतं हो मला, या आवाजात," ती म्हणाली. "तीन महिने वाट पाहिली, कधीतरी चुकून बोलेल म्हणून. शेवटी विचारावं लागलं. आता तुम्ही."

माझ्या मनात दुसरी वाक्यं होती. चांगली वाक्यं, माझी. व्यासपीठावरच्या त्या दिवसाबद्दल, त्या ऑफिसबद्दल, मी बरोबर होतो आणि तरीही कसा... त्यांतलं एकही बाहेर आलं नाही. मी खोकलो. आणि म्हणालो, "पूर्वा, घर तुझंच आहे. मला तू हवी आहेस. ये."

ते मी मनापासून म्हणालो. हे तुला कसं सिद्ध करून दाखवू ते मला कळत नाही.

आईने हळूच पाटाशेजारचा फोन उचलला, उलटा करून पाहिला, आणि तो खरोखर बंद आहे ना, याची खात्री करून घेतली.

बाबा